देव पाहुणे यायचे तेव्हा

ऋग्वेदात १०२८ सूक्तं आहेत, पण देऊळ कसं बांधावं किंवा मूर्तीची पूजा कशी करावी याचा विधी त्यात कुठेच नाही. ही सूक्तं रचणारी माणसं साधारण इसवीसनपूर्व १५०० ते १००० या काळात सप्तसिंधूच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या पंजाबच्या आसपास, गाई-घोडे घेऊन राहत होती. मुक्काम हलला की पूजेची जागाही हलायची. नव्या ठिकाणी जमीन साफ करायची, गवत अंथरायचं, अग्नी चेतवायचा आणि देवांना हाक मारायची: या, बसा. त्या अंथरलेल्या गवताला बर्हि म्हणत. घरी आलेल्याला आपण पाट मांडून देतो, तसं इंद्राला बर्हीवर बसवायचं. आजही आपल्या षोडशोपचार पूजेची सुरुवात आवाहन आणि आसन यांनीच होते.

पाहुणा बसला की त्याला खाऊ घालायचं. ऋग्वेदाच्या दहा भागांना मंडलं म्हणतात; तिसऱ्या मंडलातल्या एका सूक्तात इंद्राची सकाळची न्याहारीच सांगितली आहे: भाजलेले जव, दह्यात कालवलेलं सातूसारखं पीठ आणि अपूप, म्हणजे पिठाची पोळी. भात नाही, कारण ऋग्वेदात तांदळाचा उल्लेखच येत नाही. यज्ञात पशूही असत. अश्वाच्या बलीचं तर सविस्तर वर्णन आहे, ते लपवायचं कारण नाही. आणि सोम. वनस्पतीचे देठ दगडांनी ठेचायचे, रस मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळायचा, त्यात दूध किंवा दही मिसळायचं. नवव्या मंडलातली ११४ सूक्तं या गाळल्या जाणाऱ्या सोमाचीच आहेत. प्राचीन इराणी धर्मात हाच सोम ‘हओम’ होतो, यज्ञ ‘यस्न’ होतो, ‘होता’ नावाचा पुरोहित ‘झओतर’ होतो. मुंबईच्या अग्यारीत यस्न करताना पारशी धर्मगुरू आजही हओमच्या काड्या खलात कुटतात. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन चुलतघरांनी एकच कृती जपली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

ही सगळी भांडी आणि अवजारं मुळात घरातली होती. पहिल्या मंडलात चक्क उखळाला उद्देशून एक ऋचा आहे. ऋषी म्हणतो, अरे उखळा, तू घराघरांत जुंपलेला असतोस, पण आज इथे विजयी वीरांच्या दुंदुभीसारखा खणखणीत बोल. त्याच सूक्तात घुसळण्याची रवी दोरीने बांधतात, घोड्याला लगाम बांधावा तशी, असंही म्हटलं आहे.

अग्नीसुद्धा रवीसारखा घुसळूनच काढायचा. ही रीत श्रौतकर्मात, म्हणजे वेदांत सांगितलेल्या यज्ञविधींत, अजून टिकून आहे. ज्या लाकडांतून अग्नी काढतात त्यांना अरणी म्हणतात. खाली आडवी लाकडी फळी, ती अधरारणी. तिच्या खळगीत उभी काठी फिरते. तिच्या टोकाला उत्तरारणीतून, म्हणजे वरच्या अरणीतून, काढलेला तुकडा बसवलेला असतो, त्याला प्रमंथ म्हणतात. वरून एक जण काठी दाबून धरतो, दुसरा दोरी पुढे-मागे ओढतो. या दोरीचं नाव नेत्र.

जवळून पाहिलं तर आधी ज्वाळा दिसतच नाही. खळगीच्या कडेला लाकडाचा भुसा साचतो. तो आधी तपकिरी असतो, मग काळपट होतो आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघते. ठिणगी जन्मते ती या भुशात. भुसा बारीक असल्यामुळे त्याच्या कणाकणाला हवा लागते आणि तो ठोकळ्यापेक्षा कितीतरी आधी धुमसतो. अरणी पिंपळाच्या लाकडाची करतात; ती का, याचंही उत्तर इथेच मिळतं. पिंपळाचं लाकूड मऊ आणि हलकं, म्हणून ते लवकर झिजून भुसा देतं. शिवाय उष्णता फारशी वाहून नेत नसल्यामुळे घर्षणाची ऊब खळगीतच कोंडून राहते. लाकूड दमट असेल तर मात्र सगळी मेहनत आधी पाणी उडवण्यातच खर्च होते. पुढच्या ग्रंथांनी शमीच्या झाडावर उगवलेला पिंपळ उत्तम मानला, म्हणून शमीला ‘अग्निगर्भा’ म्हणतात. दसऱ्याला आपण पूजतो ती हीच शमी.

विश्वामित्रांच्या सूक्तात म्हटलंय की गर्भिणीच्या पोटात गर्भ जपलेला असावा तसा अग्नी दोन अरणींत ठेवलेला आहे, आणि तो जन्मला की दहा कुमारी बहिणी त्याला मिठी मारतात. या बहिणी म्हणजे दोन्ही हातांची बोटं. दहाव्या मंडलात एक ऋषी थोडा हबकूनच सांगतो की हे मूल जन्मताच आपल्या आईबापांना खाऊन टाकतं.

गवत, लाकूड, लोकर, दूध. यातलं उत्खननात काय सापडणार? शिवाय नंतरच्या आश्वलायन गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात, अग्निहोत्र्याच्या, म्हणजे घरात यज्ञाचा अग्नी राखणाऱ्याच्या, अंत्येष्टीचा विधी आहे. त्याची यज्ञपात्रं त्याच्याच देहावर मांडायची: अरणी मांड्यांवर, उखळ-मुसळ पोटऱ्यांवर, सोम ठेचायचे दगड दातांशी. मग चितेला अग्नी द्यायचा. मुलाने घरी परत न्यायच्या गोष्टी मोजक्याच सांगितल्या आहेत. त्यांत धातूची आणि मातीची भांडी आहेत, आणि पाटा-वरवंटा आहे.