औषध पोटात गेलं की छातीत?

खानापूरकडे पावसाची झड लागली की कुत्र्याचा खोकला सगळे 'पावसाळी' म्हणून सोडून देतात. आम्हीही तेच केलं. दोन दिवस उलट्या करून आमचा कुत्रा मोत्या मलूल पडला होता. आजीने त्याचं तोंड वर धरलं आणि बाटलीने हळदीचं दूध ओतलं. म्हशीला बांबूच्या नळीने तेल पाजलेला हात तो, त्याला कुत्रं काय अवघड! मोत्या थोडा ठसकला, गप्प झाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "धाप कसली टाकायलंय बघा की ते."

दूध पोटाऐवजी छातीत उतरलं होतं. घशात अन्ननळी आणि श्वासनळी अगदी शेजारी. घोट गिळताना श्वासनळीचं तोंड क्षणभर झाकलं जातं. पण मान वर ताणून कुणी ओततच राहिलं तर जनावराला आपल्या लयीत गिळता येत नाही. चुकलेला घोट परत फेकायला ठसका असतो. आपण मात्र 'कोण आठवण काढतंय' म्हणून हसतो! अशक्त किंवा गुंगीतल्या जनावराचा हा पहारेकरीच पेंगलेला असतो. तेल तर इतकं बुळबुळीत की पुरता ठसका येईलच असं नाही.

उलटी आत गेली तर आणखी वाईट. पोटातलं आम्ल फुफ्फुसाला भाजतं, काही तासांत सूज येते, पाणी भरतं आणि त्या जखमेवर मग जंतू वस्ती करतात. भूल दिलेल्या बाळंतिणींमध्ये हा प्रकार न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये मांडला. ऑपरेशनआधी कुत्र्याला उपाशी ठेवायला सांगतात ते याच भीतीने. तेव्हा दया येऊन बिस्कीट देऊ नका.

एक्स-रेत डाग बहुतेकदा उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या पाळीत दिसतो. कुत्रं चार पायांवर उभं असतं आणि त्या पाळीकडे जाणारी नळी खाली उतरते, म्हणून ओघळ तिकडे जातो. पहिल्या दिवशी मात्र फोटो स्वच्छही येऊ शकतो. घरी करण्यासारखं एकच: झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मोजा. मिनिटाला 30 च्या वर सतत जात असतील तर उठा, दवाखाना गाठा. ताप नाही म्हणून थांबू नका.

दवाखान्यात ऑक्सिजन, सलाईन, अँटिबायोटिक, नेब्युलायझरची वाफ, आणि ओंजळीसारख्या पोकळ हाताने छातीवर थापट्या. खोकल्याचं औषध मात्र नको, आतली घाण बाहेर काढतो तो खोकलाच.

काही कुत्र्यांची अन्ननळी सैल पडलेली असते. खाल्लेलं न ओकारताच परत येतं. अशांना उभं धरून भरवावं आणि नंतरही काही वेळ तसंच धरावं. चपट्या नाकाच्या पगला धोका जास्त, लांब तोंडाच्या मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्याला त्यामानाने कमी.

मोत्या वाचला. गोळ्या आता भाकरीच्या तुकड्यात लपवून जातात. आजीने एकदा कुंद्याच्या मिठाईत लपवून दिली, तेव्हापासून भाकरीकडे तो जरा संशयाने बघतो.