फायबर ब्रॉडबँड की लीज्ड लाइन?

‘ऑफिसला फायबर घेतलंय’ एवढ्यावरून नेमकं काय घेतलंय ते कळत नाही. ब्रॉडबँडही काचेच्या तंतूतूनच येतो आणि लीज्ड लाइनही (म्हणजे ऑफिससाठी भाड्याने घेतलेली खास जोडणी). दोन्ही कोटेशनांवर ‘१०० एमबीपीएस’ असतं आणि किमतीत मात्र अनेक पटींचा फरक. मग एकच माल दोन भावांनी विकतायत की काय, अशी शंका येणारच.

तांब्याच्या तारेपेक्षा फायबर सरस, यात वादच नाही. डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा वेग एक्स्चेंजपासून लांब गेलं की घसरत जातो. फायबरवर वीसेक किलोमीटरपर्यंत ती अडचण येत नाही. शेजारी मोठ्या मोटारी चालू असोत की वेल्डिंग, तंतूतल्या प्रकाशाला त्याचा त्रास होत नाही; कारखान्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट. पण हे फायदे दोन्हीकडे सारखेच मिळतात, तेव्हा निवड करताना ते बाजूला ठेवा.

फरक आहे तो वाटणीचा. ब्रॉडबँडसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत कंपनीकडून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटतात. स्प्लिटरला वीज लागत नाही, देखभालही जवळपास शून्य. सेवा स्वस्त पडते ती त्यामुळेही. त्या एका तंतूवर डाउनलोडसाठी सुमारे २.५ जीबीपीएस आणि अपलोडसाठी १.२५ जीबीपीएस. ३२ जण एकाच क्षणी तुटून पडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला डाउनलोडचे पाऊणशेच्या आसपास एमबीपीएस येतील आणि अपलोडचे चाळीसही नाहीत. एरवी सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून गणित जमून जातं. गर्दीच्या वेळी जमेलच याची खात्री कुणी देत नाही.

लीज्ड लाइनमध्ये ठरलेली बँडविड्थ तुमच्यापुरती राखीव असते आणि अपलोडही डाउनलोडइतकाच. व्यवसायासाठी मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. घरी आपण बहुतेक वेळ डाउनलोडच करतो. ऑफिसातून मात्र व्हिडिओ कॉल, सीसीटीव्हीचं फुटेज, क्लाउडवरचा बॅकअप असं बरंच काही बाहेर जात असतं. १०० जीबीचा बॅकअप २० एमबीपीएस अपलोडवर अकरा तास घेतो, म्हणजे रात्री सुरू केलेला सकाळी कामाच्या वेळेतही रेंगाळतो. १०० एमबीपीएसवर तेच काम सव्वादोन तासांत उरकतं.

दुसरा फरक कागदावरचा, एसएलएचा, म्हणजे सेवेच्या लेखी हमीचा. लाइन किती टक्के वेळ चालू राहील, बिघाड किती तासांत दुरुस्त होईल आणि नाही झाला तर बिलात किती सूट, हे लीज्ड लाइनच्या करारात लिहिलेलं असतं. टक्केवारीवर भाळू नका, तिचे तास करून पाहा: ९९.९ टक्के म्हणजे वर्षभरात पावणेनऊ तास बंद, ९९.५ टक्के म्हणजे जवळजवळ ४४. ब्रॉडबँडच्या साध्या प्लॅनमध्ये असं लेखी आश्वासन सहसा नसतं. कंपन्यांच्या ‘बिझनेस’ नावाच्या प्लॅनमध्ये स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता) आणि जरा लवकर दुरुस्ती मिळते, पण वाटणी बहुधा तशीच राहते. नाव मोठं आहे म्हणून ती लीज्ड लाइन समजू नये.

दहा-बारा माणसांचं ऑफिस, कामं ईमेल आणि बिलिंगची, तर लीज्ड लाइन म्हणजे उगाच खर्च. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी, कॉल सेंटरवाल्यांनी किंवा अनेक शाखा जोडणाऱ्यांनी ती टाळू नये.

मात्र रस्ता खोदताना जेसीबी केबलवर बसला, तर महागडी लाइनही ब्रॉडबँडसारखीच तुटते. एसएलएमुळे फार तर दुरुस्ती लवकर होईल. खरोखर खंड चालणार नसेल, तर वेगळ्या मार्गाने येणारी दुसरी लाइन घ्या. कंपनी वेगळी असून भागत नाही, कारण दोन कंपन्यांच्या केबल जमिनीखालच्या एकाच डक्टमधून (नळीतून) गेलेल्या असू शकतात. त्यामुळे केबल कुठून आणणार, हे दोघांकडूनही नकाशावर दाखवून घ्या.