११६ विजयांचा हंगाम: कसब किती, दैव किती?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ साखळी सामने खेळतो. साधारण मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ रोज एक. २००१ साली सिएटल मरिनर्स या संघाने त्यातले ११६ जिंकले. इतके विजय त्याआधी फक्त १९०६ च्या शिकागो कब्ज संघाला मिळाले होते आणि त्यानंतर आजवर कुणी हा आकडा ओलांडलेला नाही. पण विजेतेपद या दोघांपैकी एकालाही मिळालं नाही. कब्ज अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सीरीजमध्ये, आपल्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सकडून हरले. मरिनर्स तर तिथवर पोहोचलेच नाहीत.

अशा संघाबद्दल लोक सहज म्हणतात की ऐनवेळी कच खाल्ली. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. संख्याशास्त्राकडे या हंगामाबद्दल सांगण्यासारखं बरंच काही आहे, आणि ते ऐकलं की ११६ हा आकडाही वेगळा दिसू लागतो.

या संघाकडून त्या वर्षी कुणाच्या फार अपेक्षा नव्हत्या. रँडी जॉन्सन हा धिप्पाड डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, १९९८ मध्ये गेला होता. केन ग्रिफी ज्युनियर २००० च्या सुरुवातीला गेला. त्याच वर्षाच्या शेवटी ॲलेक्स रॉड्रिगेझने टेक्सासच्या संघाबरोबर दहा वर्षांसाठी २५.२ कोटी डॉलरचा करार केला. तीन वर्षांत तीन दिग्गज गेले, आणि त्यानंतर जपानहून २७ वर्षांचा सडपातळ इचिरो सुझुकी आला. त्याने पहिल्याच हंगामात फलंदाजीच्या ६९२ संधींत २४२ हिट्स, म्हणजे बाद न होता पुढच्या टप्प्यावर पोहोचवणारे फटके, काढले. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वांत मोलाचा खेळाडू हे दोन्ही किताब त्याला एकाच वर्षी मिळाले.

आता याच आकड्याकडे नीट पाहा. २४२ भागिले ६९२ म्हणजे सुमारे ३५ टक्के. लीगमधला सर्वोत्तम फलंदाजसुद्धा तीनपैकी जवळजवळ दोन वेळा अपयशी ठरतो. कारण खेळाच्या भौतिकीतच आहे. पिचर साडेअठरा मीटरवरून चेंडू टाकतो. ताशी १५० किलोमीटरचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत येतो, आणि तेवढ्यात निर्णय घेऊन बॅट फिरवायची असते. बॅट गोल, चेंडूही गोल. दोन्हींची भेट काही मिलिमीटर वर किंवा खाली झाली तर सणसणीत फटक्याचा सोपा झेल होतो. फटका चांगला बसला तरी तो क्षेत्ररक्षकाच्या हातात जाईल की दोघांच्या मधून निसटेल, यावर कुणाचीच फारशी हुकमत नसते. २००१ च्याच जानेवारीत व्होरॉस मॅक्रॅकन या अभ्यासकाने एक विश्लेषण मांडलं होतं: मैदानात मारला गेलेला चेंडू हिट ठरतो की बाद होतो, यात पिचरचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा फार कमी असतो. तेव्हा अनेकांना हे पटलं नाही. पुढच्या अभ्यासांनी त्याला काही मर्यादा घातल्या, पण गाभा टिकून राहिला. मरिनर्सच्या पिचरांचे आकडे त्या वर्षी देखणे होते. त्यात मधल्या मैदानात धावणारा माइक कॅमेरॉन आणि उजवीकडचा इचिरो यांचं श्रेय मोठं आहे. त्या वर्षी क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार दोघांनाही मिळाला.

एकेका सामन्यात योगायोग एवढा असेल तर १६२ सामन्यांत तो किती उरतो? समजा लीगमधले तीसही संघ अगदी सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक आहे. सरासरी ८१ विजय येतील. पण सगळ्यांनाच ८१ मिळणार नाहीत. या प्रसाराचं माप, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, ते १६२ च्या वर्गमुळाच्या निम्मं, म्हणजे सुमारे ६.४ येतं. तीनपैकी दोन संघ ७५ ते ८७ च्या दरम्यान असतील. निव्वळ नशिबावर एखादा संघ ९३ जिंकेल आणि त्याच्या प्रशिक्षकावर कौतुकाचा वर्षाव होईल. दुसरा कुणी ६९ वर अडकेल आणि त्याच्या प्रशिक्षकाची नोकरी जाईल. नाणेफेकीत ११६ मात्र कोटीत एकदाही येणार नाही. म्हणजे मरिनर्स खरोखरच फार चांगले होते, यात वाद नाही.

प्रत्यक्षात संघांच्या विजयांचा प्रसार साधारण ११ ते १२ इतका असतो. विचलनांचे वर्ग करून हिशेब मांडला तर त्यातला सुमारे तीस टक्के भाग योगायोगाचा निघतो, उरलेला कसबाचा. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर हंगामाचे सुमारे ७० सामने होईपर्यंत गुणतक्त्यात नशिबाचं वजन कसबाइतकंच किंवा त्याहून जास्त असतं. आयपीएलच्या साखळीत एका संघाला अवघे १४ सामने मिळतात. तिथे नऊ जिंकणारा आणि पाच जिंकणारा यांच्यातला फरक केवळ नशिबानेही पडू शकतो. बेसबॉलचा हंगाम कंटाळवाणा लांब वाटतो खरा, पण या खेळात चांगला संघ ओळखायचा तर एवढे सामने लागतातच.

मग मरिनर्स नेमके किती चांगले होते? वरचा तीस टक्क्यांचा हिशेब वापरला तर सरासरीपेक्षा जास्त असलेल्या ३५ विजयांतले पंचवीसेक त्यांच्या कसबाचे मानता येतात. म्हणजे खरी ताकद साधारण १०५ विजयांची. दुसरा मार्ग बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या सूत्राचा. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला काढलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. काटकोन त्रिकोणाची आठवण करून देतं म्हणून हे सूत्र पायथागोरसच्या नावाने ओळखलं जातं. मरिनर्सनी ९२७ धावा काढल्या आणि ६२७ दिल्या. त्यावरून उत्तर येतं १११. दोन्ही मार्ग एकच गोष्ट सांगतात: संघ असामान्य होता, आणि शिवाय त्याला वाराही अनुकूल होता.

वारा प्रतिकूल झाला तर काय होतं तेही त्याच हंगामात दिसलं. ५ ऑगस्टला क्लीव्हलँडमध्ये मरिनर्स १४-२ ने पुढे होते. सातव्या डावापासून क्लीव्हलँडने पाठलाग सुरू केला, नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या डावात पाच धावा काढून बरोबरी साधली आणि जादा डावांपैकी अकराव्यात सामना १५-१४ असा जिंकला. बारा धावांची पिछाडी भरून काढण्याची मेजर लीगच्या इतिहासातली ही तिसरीच वेळ होती. १६२ सामन्यांत असा एखादा पराभव पचून जातो.

पण ऑक्टोबरमध्ये पचत नाही. प्लेऑफमध्ये तेव्हा आधी पाच सामन्यांची मालिका असे आणि मग सातची. पहिल्या मालिकेत पुन्हा क्लीव्हलँडच समोर आलं. पाच सामन्यांत मिळून क्लीव्हलँडने २६ धावा काढल्या, मरिनर्सनी १६, तरीही मालिका मरिनर्सनी ३-२ ने जिंकली. कारण क्लीव्हलँडने एकाच सामन्यात १७ धावांची उधळण केली होती. पुढच्या मालिकेत न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध हाच खेळ उलटला. पहिले दोन सामने ४-२ आणि ३-२ असे निसटले, तिसरा मरिनर्सनी १४-३ असा जिंकला, चौथा ३-१ ने गेला, पाचवा १२-३ ने. एकूण धावा पाहिल्या तर यांकीज २५, मरिनर्स २२. मालिकेचा निकाल मात्र ४-१.

समजा मरिनर्सना प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के होती. साखळीत ९५ विजय मिळवलेल्या यांकीजसमोर हा अंदाज उदारच आहे. तरी सात सामन्यांच्या मालिकेत त्यांची शक्यता ७१ टक्के येते, पाच सामन्यांच्या मालिकेत ६८. पाच, सात, सात अशा तिन्ही मालिका जिंकून विजेता ठरण्याची शक्यता मग जेमतेम ३४ टक्के उरते. त्या वर्षीचा सर्वांत बलवान संघ तीनपैकी दोन वेळा रिकाम्या हाती परतणार, हे गणितात आधीच लिहिलेलं होतं. प्लेऑफचा थरार मलाही आवडतो, पण कोणता संघ श्रेष्ठ हे विचारायचं असेल तर मी सप्टेंबरअखेरचा गुणतक्ता उघडेन.

पुढची दोन वर्षंही बोलकी आहेत. २००० मध्ये मरिनर्स ९१ सामने जिंकले होते, २००१ मध्ये ११६, मग २००२ आणि २००३ मध्ये दोन्ही वेळा ९३. असामान्य हंगामानंतर संघ सरासरीच्या दिशेने थोडा सरकतोच. त्यासाठी कुणी आळशी व्हावं लागत नाही, अनुकूल वारा पडला की पुरतं. इथे घसरण त्याहून जास्त होती, कारण वय आणि दुखापतीही आपलं काम करतात. ९३ विजय हा उत्तमच हंगाम म्हणायचा. तरी दोन्ही वर्षी मरिनर्स प्लेऑफला मुकले, कारण त्यांच्याच गटातल्या ओकलंडने २००२ मध्ये १०३ आणि २००३ मध्ये ९६ सामने जिंकले. २००२ मध्ये त्याच गटात ९९ विजयांसह दुसरा आलेला ॲनाहाइमचा संघ वाइल्ड कार्डने, म्हणजे गटविजेता नसलेल्या चांगल्या संघासाठी राखलेल्या जागेवरून, प्लेऑफमध्ये शिरला आणि थेट वर्ल्ड सीरीज जिंकला. मरिनर्सना प्लेऑफचा पुढचा सामना खेळायला २०२२ साल उजाडावं लागलं.