७० ते १५० हर्ट्झमधलं बोलणं

'मनातले विचार वाचणारं यंत्र' आल्याची बातमी अधूनमधून झळकत असते. तिच्या मुळाशी बहुतेकदा अपस्माराच्या रुग्णांवर झालेलं संशोधन असतं, आणि त्यात विचारबिचार कुणी वाचलेले नसतात.

अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट्स औषधांनी आटोक्यात येत नाहीत. शस्त्रक्रिया करायची तर फिट नेमकी कुठून उठते ते कळायला हवं. त्यासाठी काहींच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोडची, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या धातूच्या अग्रांची, पातळ पट्टी ठेवतात, नाहीतर कवटीला बारीक छिद्र पाडून जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या इलेक्ट्रोड-सळ्या आत सोडतात. मग औषधं कमी करून फिटची वाट पाहायची. यात आठवडाही जातो. तेवढ्यात रुग्णाची संमती असेल तर ऐकताना-बोलताना मेंदूत काय घडतं ते टिपायला त्याला वाक्यं ऐकवतात, वाचायला देतात. इलेक्ट्रोडची जागा मात्र उपचाराच्या गरजेवरूनच ठरते. संशोधकाने मिळेल त्या जागेवर भागवायचं.

हे डोक्यावर बाहेरून इलेक्ट्रोड चिकटवून का जमत नाही? कवटीतून येताना संकेत क्षीण होतो, पसरतो, आणि बोलताना जबड्याचे स्नायू त्यावर गोंधळ घालतात. आतून मात्र ७० ते १५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला इतक्या वेळा हेलकावणाऱ्या विद्युत लहरींचा 'हाय गॅमा' पट्टा स्वच्छ दिसतो. इलेक्ट्रोडखालचे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, कामाला लागले की त्याची ताकद वाढते. सेकंदाला हजार किंवा जास्त नोंदी घ्यायच्या, फिटच्या खुणा असलेले इलेक्ट्रोड वगळायचे, विजेच्या मेन्सची ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर तिच्या पटींसकट गाळायची, मग या पट्ट्याची ताकद काढून शांततेतल्या ताकदीशी ताडायची.

२०१४मध्ये अमेरिकेतले मेंदू-शल्यविशारद एडवर्ड चँग यांच्या गटाने कानशिलामागच्या, म्हणजे टेम्पोरल खंडाच्या वरच्या वळीवर अशा नोंदी घेतल्या. तिथे एका इलेक्ट्रोडला एकच ध्वनी असं आढळलं नाही. एखादा प, ट, क, ब अशा स्पर्श व्यंजनांना सरसकट दाद देत होता, दुसरा स, श यांना. वर्णमालेतले स्पर्श आणि ऊष्म हे गट जणू मेंदूतही निघाले.

आता यातली मेख. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारिता साधारण ८५ ते १५५ हर्ट्झ, म्हणजे बरीचशी याच पट्ट्यात. आवाजाने वायरी आणि जोडण्या सूक्ष्म थरथरल्या की तीच वारंवारिता थेट नोंदीत उतरते. इलेक्ट्रोडचा मायक्रोफोन होतो. संगणकाने 'मेंदूतून' वाक्य ओळखलं म्हणायचं, आणि प्रत्यक्षात ते त्याने चक्क ऐकलेलं असायचं! २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असं प्रदूषण खऱ्या नोंदींत दाखवून दिलं. तपासणी सोपी आहे. ध्वनिमुद्रण आणि मेंदूची नोंद यांचे वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारितेला किती ताकद ते दाखवणारे आलेख, शेजारी ठेवायचे. त्याच क्षणी, त्याच वारंवारितेला दोन्ही एकत्र हलत असतील, तर संशय घ्यायचा. खऱ्या हाय गॅमाला आवाजाच्या सुराची अशी हुबेहूब नक्कल करायचं कारण नसतं.

२०१९मध्ये चँग यांच्याच गटाने मेंदूतल्या संकेतांवरून जीभ, ओठ, जबडा, स्वरयंत्र यांच्या हालचालींचा अंदाज घेतला आणि त्यांतून कृत्रिम आवाज घडवला. रुग्ण तेव्हा वाक्यं मोठ्याने वाचत होते. पकडल्या होत्या त्या उच्चाराच्या हालचाली. मनात दडवलेलं काही नव्हे.

शिवाय लहानपणी डाव्या गोलार्धाला इजा झालेल्या काही रुग्णांत भाषेचं काम उजवीकडे सरकलेलं असतं. म्हणून एकाच रुग्णाचा नकाशा सगळ्यांना लावता येत नाही.