पितळ उजळतं कशानं, तडकतं कशानं

महालक्ष्म्या जवळ आल्या की नागपुरात घरोघरी समया, ताम्हणं, घंट्या माळ्यावरून खाली येतात. सण भाद्रपदातला, म्हणजे हवा दमट. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पितळ बरेच दिवस पिवळं राहतं. पावसाळ्यात धातूवर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो आणि ते भराभर काळवंडतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वरचा तपकिरी-काळा थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा, थोडा सल्फाइडचा असतो.

समईवर मात्र त्याआधी तेलाचा चिकट राप चढलेला असतो. त्याच्याखाली आम्ल पोहोचतच नाही, मग माणसं उगाच जोर लावतात. समईचे आटे सोडवून भाग वेगळे करा. लिटरभर कढत पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा टाकून भाग 15 मिनिटं बुडवा. आट्यांमध्ये दाताचा जुना ब्रश फिरवा, स्वच्छ धुवा.

आता आम्ल. लिटरभर कोमट पाण्यात लहान चमचाभर लिंबूसत्व घेऊन 5 ते 10 मिनिटं पुरतात. चिंचेचा कोळही चालतो, त्यात टार्टारिक आम्ल असतं. चिमूटभर मिठानं काम लवकर होतं, कारण मिठातलं क्लोराइड सुटलेल्या तांब्याला द्रावणात धरून ठेवतं. पण तेच क्लोराइड भांड्यावर उरलं तर हिरवे डाग पाडतं. म्हणून शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून भरपूर पाण्यानं धुवा आणि लगेच पुसा. बोअरचं पाणी अंगावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात.

रात्रभर भिजत ठेवणं ही खरी चूक. पितळ गुलाबी पडतं: जस्त आधी विरघळतं, किंवा द्रावणात उतरलेलं तांबं परत पृष्ठभागावर बसतं. लोखंडी तारेची घासणी त्याच पाण्यात पडली तर हे आणखी लवकर होतं. गुलाबी डाग खडूच्या बारीक पुडीनं घासून निघतात. सल्फाइडचे काळे डागही घासूनच जातात, सौम्य आम्लाला ते दाद देत नाहीत. वाळू वापरू नका. वाळूतलं क्वार्ट्झ पितळेहून कितीतरी कठीण, चरे पडणारच. कल्हई केलेल्या आतल्या बाजूला आम्लही नको नि घासणीही नको.

पितळेचा सगळ्यात मोठा वैरी अमोनिया. बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त अशा पितळेची असते. ब्रिटिश फौजेनं हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं पावसाळ्यात जागच्या जागी तडकायची. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 मध्ये याचा उलगडा केला. पत्रा ओढून पुंगळी घडवताना धातूत ताण उरतो. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओलावा मिळाला की त्या ताणाच्या जागी भेग जाते. घडवल्यावर बेताची आच देऊन ताण काढला की हा धोका बराच टळतो.

ठोक्याची घागर किंवा पत्र्याची घुंगरं यांतही तसाच ताण असतो, ओतीव समईत त्या मानानं कमी. अशा वस्तूंना अमोनियाचं पॉलिश लावलंच, तर ते पुसून भांडं धुवायलाच हवं. पोळा सरला की बैलांची पितळी घुंगरं गोठ्यातल्या खुंटीला राहू देऊ नका, गोमूत्रातूनही अमोनिया सुटतो. धुऊन, उन्हात कोरडी करून, सुती कापडात गुंडाळून घरात ठेवा. गुंडाळीला रबरबँड नको, सुतळी बांधा; रबरातल्या गंधकानं पितळेवर काळी रेघ उमटते.