तीन डोकी, एक कॉम्प्युटर: नाशिकच्या पोरांना आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेत उतरायचं असेल तर त्यामागचा इतिहास

आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धा म्हटलं की आपल्या नाशकात दोन-तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, म्हणून आधी तेवढं सुटं करून घेऊ. शाळा आणि ज्युनियर कॉलेजच्या पोरांसाठी असते ती आयओआय, इंटरनॅशनल ऑलिम्पियाड इन इन्फॉर्मॅटिक्स. तिथे देशाची चार जणांची टीम जाते पण सोडवतो प्रत्येक जण एकटा. कॉलेजवाल्यांची ती आयसीपीसी, इंटरनॅशनल कॉलेजिएट प्रोग्रामिंग कॉन्टेस्ट, तिथे देश नाही तर कॉलेज उतरतं, तीन जणांची टीम आणि त्या तिघांत मिळून एकच कॉम्प्युटर. आणि शाळेत फी भरून पर्याय निवडायच्या ज्या कॉम्प्युटरच्या 'ऑलिम्पियाड' परीक्षा होतात त्यांचा या दोन्हींशी काहीच संबंध नाही, कितीही मेडल मिळाली तरी त्या वाटेने कोणी आयओआयला पोचत नाही. आईवडिलांनी एवढं तरी नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण पोरगं हुशार असतं, मेहनत करायची तयारी असते आणि सातवी ते दहावी ही वर्षं भलतीकडेच जातात.

आता आयसीपीसी कुठून आली ते बघू. १९७० मध्ये अमेरिकेत टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत उप्सिलॉन पाय एप्सिलॉन नावाच्या कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थी सोसायटीने एक स्पर्धा भरवली, तिथून हे सगळं सुरू झालं. १९७७ पासून फायनल घ्यायला लागले, एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेच्या कॉन्फरन्सला जोडून. १९८९ ला मुख्यालय बेलर युनिव्हर्सिटीकडे आलं, १९९७ पासून वीस वर्षं आयबीएमची स्पॉन्सरशिप होती आणि त्याच काळात ही स्पर्धा खऱ्या अर्थाने जगभर पसरली.

सत्तरच्या दशकातलं प्रोग्रामिंग डोळ्यासमोर आणा. पंच कार्डांचा गठ्ठा काउंटरवर द्यायचा, आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं, आणि एक कार्ड चुकलं असेल तर परत पहिल्यापासून. मशीनचा वेळ महाग, माणसाचा स्वस्त. मला तरी असं वाटतं की आयसीपीसीच्या आजच्या नियमांत त्या काळाची हवा अजून शिल्लक आहे. पाच तास, साधारण दहा ते तेरा प्रॉब्लेम, की-बोर्डवर एका वेळी एकच जण, बाकीचे दोघं कागदावर. परीक्षकांनी लपवून ठेवलेल्या सगळ्या टेस्टवर प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर आलं तरच प्रॉब्लेम सुटला, अर्धे मार्क वगैरे भानगड नाही. आणि जो प्रॉब्लेम शेवटी सुटतो त्यावर आधी जेवढी चुकीची सबमिशन गेली असतील त्या प्रत्येकाला वीस मिनिटं दंड. प्रॉब्लेम सुटला की टेबलाला त्याच्या रंगाचा फुगा बांधतात आणि शेवटच्या तासात स्कोअरबोर्ड गोठवतात, म्हणजे बाकीच्यांचं काय चाललंय ते कळत नाही.

हे नियम असे का आहेत हे डोक्यात नीट बसलं की तयारी कशी करायची ते आपोआप कळतं. बऱ्याच टीम इथेच फसतात, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये तिघं तीन लॅपटॉप उघडून बसतात, तिघंही टाइप करत असतात आणि त्याला टीम प्रॅक्टिस म्हणतात. टीम म्हणून बसायचं तर एकच लॅपटॉप उघडा. एक जण टाइप करतोय तेव्हा दुसरा पुढच्या प्रॉब्लेमचा कोड वहीत लिहून ठेवतो. कोड अडकला की स्क्रीनसमोर बसून राहायचं नाही, प्रिंट काढायची, खुर्ची दुसऱ्याला द्यायची आणि चूक कागदावर शोधायची.

आयओआयची गोष्ट वेगळी आहे. १९८७ मध्ये युनेस्कोच्या पॅरिसमधल्या परिषदेत बल्गेरियाचे गणितज्ञ ब्लागोवेस्त सेंडोव यांनी कल्पना मांडली आणि १९८९ मध्ये बल्गेरियातल्याच प्रावेत्सला पहिली स्पर्धा झाली, तेरा देश आले होते. प्रावेत्स म्हणजे त्या देशात जिथे घरगुती कॉम्प्युटर बनायचे तेच गाव. योगायोग बघा, त्याच १९८९ मध्ये आपल्याकडे नाशकात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. भारत मात्र आयओआयमध्ये उतरला थेट २००२ ला.

भारताची निवड करते आयएआरसीएस ही संगणकशास्त्रातल्या संशोधकांची संस्था, बाकीच्या सायन्स ऑलिम्पियाडसारखं होमी भाभा सेंटरकडे हे काम नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि पोरं चुकीच्या वेबसाइटवर शोधत बसतात. या निवडीतली एक परीक्षा मला सगळ्यात जास्त आवडते ती झेडआयओ, झोनल इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाड. ही प्रोग्रामिंगची परीक्षा कागद-पेन्सिलवर होते! प्रोग्रामिंगची भाषा यायची गरजच नाही, अल्गोरिदमचा, म्हणजे उत्तरापर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांचा, विचार हाताने करून उत्तराचा आकडा लिहायचा. ज्याच्या शाळेत धड कॉम्प्युटर लॅब नाही, असा निफाड-दिंडोरीकडचा पोरगाही ती देऊ शकतो. झोनलचीच दुसरी परीक्षा झेडसीओ, ती प्रत्यक्ष कोड लिहायची, नंतर आयनॉय ही देशपातळीवरची परीक्षा, मग ट्रेनिंग कॅम्प आणि त्यातून चार जण. आयओआयमध्ये दोन दिवस, रोज पाच तासात तीन प्रॉब्लेम, आणि इथे मात्र अर्धवट सुटलेल्यालाही मार्क मिळतात, म्हणून तयारीही वेगळी लागते.

आता आपलं गाव. १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि १९८४ ला पंचवटीत के. के. वाघ सुरू झालं, नंतर त्र्यंबक रोड, आडगाव असं करत कॉलेजं वाढली. कॉम्प्युटरला सीट भरपूर झाल्या पण लॅबमध्ये वर्षानुवर्षं टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरचा तो निळा स्क्रीन. void main, conio.h, clrscr एवढं हाताला बसलेलं, जर्नल पूर्ण, व्हायवा झाला, सबमिशन संपलं. आणि तोच प्रोग्रॅम एखाद्या ऑनलाइन जजला, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप तपासणाऱ्या वेबसाइटला, टाकला की पहिल्याच फटक्यात कंपाइल एरर, कारण तिकडे लिनक्सवर जीसीसी हा वेगळा कंपायलर, तिथे conio.h नावाचं काही नसतंच. पोरांना वाटायचं आपल्याला प्रोग्रामिंगच येत नाही. प्रश्न बुद्धीचा नव्हता, जुन्या टूलचा होता, आणि किती जणांनी तिथेच नाद सोडला याचं खरंच वाईट वाटतं.

हे बदललं ऑनलाइन जजमुळे. स्पेनच्या वायादोलिद युनिव्हर्सिटीचा यूव्हीए जज नव्वदच्या दशकातला, २००१ ला टॉपकोडर, मग पोलंडचा स्पोज, आणि आपल्याकडे मोठा फरक पडला २००९ ला डायरेक्टाय कंपनीने कोडशेफ काढलं तेव्हा. २०१० ला रशियातल्या सारातोवहून माइक मिर्झायानोव यांनी कोडफोर्सेस सुरू केलं. सारातोव काही मॉस्को नाही. आणि या स्पर्धांतला नावाजलेला खेळाडू, सगळ्यांना 'टुरिस्ट' म्हणून माहीत असलेला गेनादी कोरोतकेविच बेलारूसच्या गोमेलचा, तेही राजधानीचं शहर नाही. अकरा वर्षांचा असताना २००६ ला पहिल्यांदा आयओआयला गेला आणि २००७ ते २०१२ सलग सहा गोल्ड आणली. मुंबई-पुण्यात नाही म्हणून आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्या पोरांना मी हीच दोन गावं सांगते.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजायची गरज संपली. कोडफोर्सेसचे बरेच राउंड आपल्या वेळेने रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी सुरू होतात, म्हणजे नेमकी जेवायची वेळ, घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. पण खरी शिकवणी राउंड संपल्यावर असते. जो प्रॉब्लेम सुटला नाही तो दुसऱ्या दिवशी एडिटोरियल, म्हणजे साइटवरच दिलेलं उत्तराचं स्पष्टीकरण, वाचून स्वतःच्या हाताने परत लिहायचा, याला अपसॉल्व्हिंग म्हणतात, आणि रेटिंगच्या नादात हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. सुरुवातीला फिनलंडचा सीएसईएसचा फुकट प्रॉब्लेम सेट घ्या, तो पुरवून पुरतो.

आयसीपीसीसाठी भारतात आधी ऑनलाइन राउंड, मग रीजनल म्हणजे विभागीय फेरी. कानपूर आणि केरळमधलं अमृतापुरी ही त्यातली जुनी नावं. अमृतापुरीला निघालात तर नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेस एर्नाकुलमपर्यंत थेट नेते, लांबचा प्रवास आहे पण तिघं एकत्र असतात आणि जुने पेपर सोडवायला वेळच वेळ मिळतो. वर्ल्ड फायनलला एका युनिव्हर्सिटीची एकच टीम जाते. ढाक्याने २०२२ मध्ये फायनल भरवली, भारतात ती अजून एकदाही झालेली नाही.

एआयचं विचाराल तर २०२५ च्या बाकूच्या फायनलचे बाराच्या बारा प्रॉब्लेम ओपनएआयच्या सिस्टिमने सोडवले आणि जिंकलेल्या सेंट पीटर्सबर्ग स्टेट युनिव्हर्सिटीच्या पोरांनी अकरा. म्हणून शिकणं थांबवायचं कारण नाही, हॉलमध्ये ना इंटरनेट असतं ना मोबाइल. फायनलला सोबत नेता येते ती फक्त पंचवीस पानांची छापील नोटबुक. सेगमेंट ट्री, फ्लो, स्ट्रिंग हॅशिंग असल्या नेहमी लागणाऱ्या पद्धतींचा कोड, जॉमेट्रीचे फॉर्म्युले, सगळं तेवढ्यात बसवायचं. दुसऱ्याचं नोटबुक झेरॉक्स करून उपयोग नसतो, ऐन वेळी त्यातलं व्हेरिएबल कशाला आहे तेच कळत नाही. प्रत्येक पान आपण लिहिलेलं आणि जजवर पास झालेलं हवं.

आणि एक नियम पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी. एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त पाच वर्षं रीजनल खेळता येतात आणि दोनदाच फायनल, शिवाय वय किंवा कॉलेजला लागल्याचं वर्ष यांचीही अट असते. त्यामुळे तिसऱ्या वर्षात प्लेसमेंटच्या निमित्ताने जागे झालात तर हातात एखाद-दोन सीझनच उरतात. एफईला, म्हणजे इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला, असतानाच दोन जोडीदार शोधा, कोच व्हायला तयार असलेल्या एका सरांना किंवा मॅडमना गाठा आणि आयसीपीसीच्या साइटवर टीमचं नाव टाका.