रताळं गोड कधी होतं?

घटस्थापना जवळ आली की फोनवर एक मजकूर फिरू लागतो. शरदात पित्त खवळतं म्हणून ऋषिमुनींनी नवरात्रात रताळं सांगून ठेवलं, नऊ दिवसांत शरीर ‘डिटॉक्स’ होतं, वगैरे. मला हे वाचून वाईट वाटतं, कारण रताळ्याची खरी गोष्ट याहून कितीतरी सुंदर आहे. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. 1492 मध्ये कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर ते समुद्रमार्गे आपल्याकडे आलं. बटाटा, शेंगदाणा आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंदही तिकडचाच. म्हणजे उपवासाचं निम्मं ताट! आणि शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बाराही महिने करतात, त्यासाठी घट बसायची वाट बघत नाहीत.

रताळं या दिवसांत खायचं ते ताजं मिळतं म्हणून. पावसाळ्यात लावलेले वेल साधारण चार महिन्यांत काढणीला येतात. आणि नीट भाजलं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

‘नीट’ म्हणजे काय? आजी चुलीतल्या फुफाट्यात रताळी पुरून ठेवायची आणि बाकीचा स्वयंपाक आटोपून घ्यायची. तासाभराने राख झटकली की सालीवर काकवीसारखे चिकट काळे थेंब फुटलेले असायचे. तेच रताळं कुकरमधून काढलं की पचपचीत लागतं. पाणी उडाल्यामुळे गोडी वाढते, असं बरेच जण सांगतात. थोडी वाढतेही. पण खरी गोम वेगळी आहे: भाजताना रताळ्यात नवी साखर तयार होते.

कच्च्या रताळ्यात स्टार्च भरपूर असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, घट्ट दाबून भरलेल्या कणांमध्ये. शेजारीच बीटा-अमायलेज नावाचं विकर असतं. साखळ्या तोडणं हेच त्याचं काम, पण कण इतके आवळलेले असतात की त्याला आत शिरता येत नाही. उष्णता वाढून साधारण 65 अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की कण पाणी पितात, फुगतात, साखळ्या मोकळ्या होतात. आता विकर कामाला लागतं. साखळीच्या एका टोकाला धरून ते दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे कापत जातं. दोन ग्लुकोजची जोडी म्हणजे माल्टोज. अमायलोज या सरळ साखळीवर ते जवळजवळ शेवटपर्यंत जातं. अमायलोपेक्टिन मात्र फांद्याफांद्यांचं असतं आणि फांदी फुटते त्या जोडापाशी बीटा-अमायलेज अडतं. तिथे अल्फा-अमायलेज हे दुसरं विकर मधूनच साखळी तोडून नवी टोकं मोकळी करून देतं आणि कापणी पुन्हा सुरू होते. गर 80 अंशांच्या पुढे गेला की बीटा-अमायलेजची घडी विस्कटते आणि काम बंद पडतं.

म्हणजे सारा खेळ 65 ते 80 अंशांच्या मधल्या वेळाचा. फुफाट्यात रताळं हा टप्पा सावकाश ओलांडतं. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या घरात जातं, हा टप्पा झपाट्याने मागे पडतो आणि बराचसा स्टार्च तसाच राहतो. बटाट्यात हे विकर नगण्य असतं, म्हणून तो कितीही मंद भाजा, गोड होत नाही. माल्टोजची गोडी आपल्या साखरेच्या साधारण तिसरा हिस्साच असते, तरी रताळ्यात तो इतका साठतो की सालीतून पाझरतो.

चूल नसली तरी चालतं. जाड बुडाची कढई, घट्ट झाकण, अगदी मंद आच; रताळी न सोलता, न चिरता ठेवायची आणि अधूनमधून फिरवायची. मध्यम रताळ्याला पाऊण ते एक तास लागतो. रताळी फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीने त्यांच्या पेशी बिघडतात, मग मधला भाग कितीही शिजवला तरी टणकच राहतो. केशरी गराची मिळाली तर जरूर आणा. त्यांतल्या बीटा-कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं आणि ते स्निग्ध पदार्थासोबत चांगलं शोषलं जातं, म्हणून वर चमचाभर तूप.

मधुमेह असेल तर हाच हिशेब उलटा धरायचा. भाजलेल्या रताळ्याने रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा भराभर चढते. आमच्याकडे वडिलांसाठी एक छोटं रताळं पाण्यात उकडतं, बाकीची कढईत जातात. वास सुटला की तेही स्वयंपाकघरात येतात आणि सालीला चिकटलेला एवढासा गर मागून घेतात.